पाहुण्यांची जाकिटं

७ मार्च

आज पुन्हा तेच. हे जिन्यावर मध्येच थांबले, कठडा घट्ट धरून. मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं. "काय झालं हो?" तर म्हणे, "काही नाही, चपलेचा पट्टा बघत होतो." पायात चप्पल नव्हतीच!

आणि अर्ध्या तासात होडी घेऊन तळ्यावर. एकटे.

८ मार्च

ओढून नेलं दवाखान्यात. आमचे डॉक्टर म्हणाले, रक्तदाबाची गोळी बदलू, चक्कर हळूहळू कमी होईल. मी विचारलं, "आणि होडी?" डॉक्टर हसले. "वल्हवू देत की. फक्त लाइफ जॅकेट घाला म्हणजे झालं."

हे घराचं कुलूप उघडताना म्हणाले, "मी काय पाहुणा आहे?"

आमच्या तळ्याची रीतच आहे ही. तळ्याला लागून सगळी घरं, घरटी एक होडी. होडीघरात खुंट्यांवर नारिंगी जाकिटं टांगलेली — ती पाहुण्यांची आणि पोराटोरांची. इथल्या मोठ्या माणसानं कधी घातलंच, तर लोक विचारणार, "काय, कधी आलात?" किती वर्षं हसलो या विनोदावर आम्ही. मीसुद्धा!

११ मार्च

सांगून झालं. अबोला धरून झाला. थोडं रडूनही झालं. मग लेकीला फोन करायला लावला. तिला म्हणाले, "आईला सांग, मी जन्मभर नद्यांवर पूल बांधलेत. मला पाणी शिकवू नका."

लेक मला म्हणाली, "आई, बाबा एकटे नाही घालायचे. सगळ्यांनी घातलं तर घालतील."

सगळ्यांनी! म्हणजे एका माणसाच्या अंगावर जाकीट चढवायला अख्ख्या तळ्याला चढवायचं.

बरं. चढवू.

१५ मार्च

सोसायटीच्या चेअरमनकडे गेले. पदर खोचूनच. ते म्हणाले, "वहिनी, आजवर इथे कुणी बुडालेलं नाही."

"म्हणून तर आत्ता आलेय. पहिला कोण, ते ठरायच्या आत."

बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "ठीक आहे, सुरक्षा समिती काढू. अध्यक्ष तुम्ही."

"आणि सदस्य?"

"तेही तुम्हीच."

२० मार्च

दिवसभर जेवणाच्या टेबलावर फलक रंगवले. 'एकट्यानं जाऊ नका. होडीत उभे राहू नका. जाकीट घाला.' अक्षर अजून तसंच येतं — गोल, एका उंचीचं. कॉन्व्हेंटची देणगी. सिस्टरनी बोटं धरून घोटवून घेतलेलं.

लिहिता लिहिता शाळेमागचा तो हिरवट टाकीसारखा तलाव आठवला. आम्ही पोरी पाण्यात, दात वाजताहेत, आणि काठावर पांढऱ्या झग्यातल्या सिस्टर, डोक्यावर काळी छत्री. "मुलींनो, पाय हलवा! तोंड नको!" त्या स्वतः कधी पाण्यात उतरल्या नाहीत. पण त्यांच्या धाकानं वर्गच्या वर्ग पोहायला शिकला. त्यांचा आवाज आठवला की अजून टेबलाखाली माझे पाय हलतात.

ह्यांनी फलक वाचले. चष्मा लावून, नीट. म्हणाले, "निळा रंग लांबून दिसत नाही. लाल घे." एवढंच!

२७ मार्च

धक्क्यावर फलक लावले. शेजारचे दातवाले — दातांचा दवाखाना आहे त्यांचा, तळ्यावर सगळे दातवालेच म्हणतात — होडीतूनच ओरडले, "वहिनी, पोहता येणाऱ्यानं जाकीट घालणं म्हणजे दात शाबूत असताना कवळी लावणं!"

सगळे खो खो हसले. हे सगळ्यांत मोठ्यानं.

आजवर जाकीट घातलेले: मी, कोपऱ्यावरच्या वहिनी आणि चेअरमनांचा कुत्रा.

२ एप्रिल

सकाळी हे बाहेर पडले की मी खिडकीशी. चहा निवतो. होडी तळ्यातल्या बेटाआड गेली की श्वास अडकतो, पलीकडून टोक दिसलं की सुटतो. लग्न ठरलं तेव्हासुद्धा इतकं टक लावून पाहिलं नव्हतं ह्यांच्याकडे. पाठीला आता बाक आलाय. वल्ही मात्र अजून तशीच मारतात — घाई नाही, आवाज नाही.

५ एप्रिल

लिहू की नको?

पुढच्या रविवारी प्रात्यक्षिक ठेवलंय. जाकीट घालून धक्क्यावरून उडी, म्हणजे लोकांना विश्वास बसेल. सकाळी मी ह्यांना म्हटलं, "पहिली उडी तुमची. तळ्यावर सगळ्यांत जुने तुम्ही. तुम्ही घातलंत की कुणाची टाप नाही नाही म्हणायची." चेहरा पांढराफटक पडला. "मी नाही." आणि उठून गेले. मग मी पण बोलायचं ते आणि न बोलायचं ते, सगळं बोलले. बंद दाराला!

दुपारी कपड्यांच्या घड्या घालत होते. हे येऊन पलंगाच्या कडेला बसले. उशीचा एक अभ्रा उचलला आणि घडी घालायला लागले. जन्मात घातली नाही कधी. मी बघतच राहिले.

"मला पोहता येत नाही," म्हणाले.

"कधीपासून?" काय पण विचारलं मी!

"जन्मापासून."

"अहो, आणि ते पूल?"

"अगं, पूल कशाला असतो? पाण्यात उतरायला लागू नये म्हणूनच ना?"

मला हसू आलं आणि मग ते हसू राहिलं नाही. पाण्याची भीती वाटते म्हणे. लहानपणापासून. "मग रोज कशाला जाता?" तर म्हणाले, "आज वाटते का, ते बघायला." आणि जाकीट? "ते घातलं की सगळ्यांना कळेल."

इतक्या वर्षांचा संसार, आणि मला पत्ता नाही. मी आपली चक्कर येईल म्हणून घाबरत होते. हे तर दगडासारखे तळाशी गेले असते!

कुणाला सांगणार नाही म्हणून शब्द दिलाय. लेकीलाही नाही.

६ एप्रिल

वल्ही लपवून ठेवावीत असं मनात आलं. नाही लपवली.

१२ एप्रिल

धक्क्यावर गर्दी. यायचं नाही म्हणणारेही आलेले — मजा बघायला. हे मागे, होडीघराच्या भिंतीला टेकून. मी बोलायला उभी राहिले, दोन वाक्यं झाली नाहीत तोच दातवाले म्हणाले, "वहिनी, सगळं मान्य. पण इथे पोहता न येणारं आहे कोण?"

मी गप्प. शब्द दिला होता ना.

मागून आवाज आला, "मी."

सगळ्या माना वळल्या. हे भिंत सोडून पुढे आले. "मला येत नाही. कधीच येत नव्हतं."

कुणी हसेल म्हणून मी जीव मुठीत धरला. कुणी हसलं नाही. मग कोपऱ्यावरच्या वहिनींनी हात वर केला, शाळेत करतात तसा. "मलाही नाही." मग एक गृहस्थ. मग त्यांच्या शेजारचे. चेअरमननी घसा खाकरला — "माझंही जरा तसंच आहे." हात वर होतच राहिले! निम्मं तळं! रोज एकमेकांच्या भरवशावर पाण्यात जात होते सगळे.

दातवाल्यांच्या बायकोनं त्यांना कोपरानं ढोसलं. "आता सांगा की!"

"मी पोहतो," ते म्हणाले. "म्हणजे... पाय टेकतात तिथवर."

मग मात्र असा हशा उठला! खुंट्यांवरची जाकिटं पुरली नाहीत. चेअरमन नवी मागवणार आहेत.

ह्यांच्या पोटावर पट्टा अडकत होता. लेकीच्या दप्तराचा लावून द्यायचे तसा मी लावून दिला. उडी नाही मारली त्यांनी — भीती अशी एका सकाळीत थोडीच जाते. पण दातवाल्यांनी मुद्दाम विचारलं, "काय, कधी आलात?" तर ऐटीत म्हणाले, "हा काय, आत्ताच!"

१८ एप्रिल

सकाळी खिडकीतून पाहिलं. तळंभर नारिंगी ठिपके. त्यातला माझा कुठला, ते पाठीवरून ओळखलं. चहा गरम प्यायले.

२३ एप्रिल

आज बेटाच्या पलीकडे ह्यांना चक्कर आली आणि होडीतून पडले. बऱ्याच वेळानं दातवाल्यांना लांबून नारिंगी काहीतरी दिसलं, त्यांनी काढून आणलं. डॉक्टर येऊन गेले. ठीक आहेत. आत्ता पांघरुणात बसून दुसरा चहा मागताहेत.

मी रागानं विचारलं, "जाकिटाला शिट्टी होती ना? वाजवली का नाहीत?"

"अगं, पाठीवर तरंगत होतो," म्हणाले. "म्हटलं, एवढ्यात कशाला कुणाला बोलवायचं?"