कादंबरीवर कुणाचं नाव

४ जून
पुण्याहून प्रकाशकांचा फोन. कादंबरी पुन्हा छापतायत. "तुमचा नवा फोटो पाठवा." हो म्हटलं. कादंबरी लिहिली माझ्या बायकोने, मालतीने. सून पुस्तक लिहिते हे वडिलांना चाललं नसतं, म्हणून नाव माझं. सत्काराची शालही मीच घेतली. वडील जाऊन तीस वर्षं झाली, मालती जाऊन दोन. नाव अजून माझंच. ती कधी काही म्हणाली नाही.

५ जून
बी.पी. वाढलेलं. नात कॉलेजात इंग्रजी शिकते, तिला सगळं सांगितलं. म्हणाली, विलायतेतही दीडशे वर्षांमागे एक बाई पुरुषाचं नाव घेऊन कादंबऱ्या लिहायची. विचारलं, आता तरी तिचं नाव छापतात?
"नाही आजोबा. अजून तेच."


७ जून
प्रकाशकांना खरं सांगितलं. तिच्या हातचं काही आहे का, म्हणाले. नाही. तिचं अक्षर किरटं, म्हणून सगळं मी उतरून काढायचो. उतरलं की तिचे कागद न्हाणीच्या चुलीत. मीच घालायचो, वडिलांच्या हाती नकोत म्हणून. त्यावर तापलेल्या पाण्याने आम्ही सगळे अंघोळ...
मुलगा मुंबईहून, "बाबा, आता कशाला? लोक हसतील."

८ जून
एसटीने भाट्याला गेलो, पार्वतीकडे. मासे विकायची, मालतीची मैत्रीण. लिहिता-वाचता येत नाही. मालती तिला एकेक प्रकरण वाचून दाखवायची. साक्ष देशील का, विचारलं. कोलंबी सोलत म्हणाली, "शाल घेताना जीभ खय गेली व्हती, भावोजी?"
मग तिने तिसरं प्रकरण तोंडपाठ म्हटलं. त्यात एक वाक्य पुस्तकात नसलेलं. नवऱ्याबद्दलचं. उतरताना मी गाळलं होतं.

१० जून
पार्वती आली. मी साक्षीचा कागद लिहिला, तिने अंगठा पुढे केला.
"नाव काय लिवलाव?"
"मालती."
"ता तुमी ठेवलेला. म्हायेरची ती शेवंती."
"तिला कुठलं आवडायचं?"
"तुमी कदी इचारलाव नाय?"
लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने मालती लिहिलं ते मीच. मोठ्यांनी सांगितलं, मी लिहिलं. ती समोर मान खाली घालून बसलेली.
दोन कागद केले, एक मालतीचा, एक शेवंतीचा. पार्वतीने दोन्हींवर अंगठा दिला आणि एसटी गाठायला गेली. गाळलेलं वाक्य दोन्हींत लिहिलंय. पोस्ट बंद व्हायला अर्धा तास. पुस्तकावर नाव एकच येणार, पाकिटात कागदही एकच. कुठला, अजून ठरत नाही.