कंस नसलेल्या सदतीस ओळी

प्रिय चैताली,

खूप खूप आशीर्वाद. शेजारचा रवी उद्या सकाळी कांद्याची गाडी घेऊन नाशिकला येतोय, त्याच्या हाती हे पत्र देतोय. फोन का नाही केला म्हणून लगेच चिडू नकोस. मंगळवारी फोनवर मी तुझ्याशी खोटं बोललो, आणि ते निस्तरायला मला कागदच बरा पडतो. मास्तर माणूस, काय करणार!

आधी मला पोटभर कौतुक करू दे. गेल्या महिन्यात तुझ्या कॉलेज रोडच्या ऑफिसात येऊन तुझ्या शेजारी बसलो, तो दिवस डोळ्यांपुढून हलत नाही. माझा अहिराणी शब्दांचा तीस वर्षांचा संग्रह चंदरने सटाण्याच्या त्याच्या दुकानात टाईप करून दिला होता. कसला टाईप! ना ठळक, ना तिरपं, ना रंग. चार हजार दोनशे बारा ओळी, नुसती अक्षरं, पेरणीआधीच्या वावरासारखी सपाट. मला वाटलं, आता ही पोर एकेक शब्द हाताने ठळक करत बसणार आणि तोवर माझी पंच्याहत्तरी येणार. तू हसलीस. म्हणालीस, नाना, हाताने काही करायचं नाही, शब्द ओळखायचा कसा ते फक्त सांगायचं. आणि त्या स्टाईलशीटमध्ये, म्हणजे काय कसं दिसायचं ते सांगणाऱ्या फाईलमध्ये, तू साचा लिहिलास. ओळीच्या सुरुवातीपासून आडव्या रेघेपर्यंत जे येईल तो शब्द. रेघेपासून कंसापर्यंत त्याचा अर्थ. कंसात स्वल्पविरामाच्या आधी गाव, नंतर सांगणाऱ्याचं नाव. एवढं सांगून तू एक बटण दाबलंस, आणि अगं, चहा निवायच्या आत सगळ्या ओळींना खुणा लागल्या! ‘धल्ला’ ठळक, ‘म्हातारा’ साधा, मुल्हेर गाव निळं, बहिरूचं नाव हिरवं. मुल्हेरवर बोट ठेवलं की मुल्हेरचे सगळे शब्द एकत्र. बहिरूवर ठेवलं की त्या मेंढपाळाने मला सांगितलेले एकशे चार शब्द रांगेत उभे. बिचारा जाऊन नऊ वर्षं झाली. त्याचं नाव असं उजळलेलं बघून मी बोट तिथून काढलंच नाही.

तू तुझ्या साहेबांना सांगितलंस, आमच्या नानांची शिस्त होती म्हणून साचा बसला, तीस वर्षांत एक रेघ इकडची तिकडे नाही. माझी छाती अशी फुगली की विचारू नकोस! पण खरं सांगू? शिस्त माझी असेल, डोकं तुझं. बारावीनंतर तू कॉम्प्युटर शिकायला घेतलंस तेव्हा ‘टायपिस्ट होशील, डी.एड. कर’ म्हणून मी आठवडाभर अबोला धरला होता. ते शब्द दोन्ही कान धरून मागे घेतो. नाशिकहून नामपुरात परतल्यापासून शिंप्याच्या दुकानापासून मार्केट यार्डापर्यंत एक माणूस सोडला नाही ज्याला मी तुझा साचा समजावला नाही. लोक आता मला बघून रस्ता बदलतात.

आता त्या सदतीस ओळी. मंगळवारी तू फोनवर सांगितलंस, साचा तेवढ्याच ठिकाणी अडला, त्यांना कंसच नाही, म्हणून त्या लाल दिसतात. कोणाकडून ऐकलं ते नाव शुक्रवारपर्यंत द्या, नाहीतर रविवारी संग्रह लोकांसाठी खुला होईल तेव्हा त्या ओळी वगळाव्या लागतील. सांगणाऱ्याच्या नावाशिवाय एकही शब्द घ्यायचा नाही, हा नियम माझाच. मी म्हणालो, आठवत नाही, टाक काढून. आठवत कसं नाही! सदतीसच्या सदतीस आठवतात.

ते सगळे शब्द तुझ्या आईचे आहेत, पोरी. आपण नाशिकला सिडकोत राहायला गेलो तेव्हा ती तुला ‘मन्ही आंडेर’ म्हणायची. मी तिला दटावलं, मुलगी म्हण, मास्तरच्या घरात असली भाषा नको, पोरांच्या जिभेला वाईट वळण लागेल. ती एकदाच म्हणाली, ‘तुम्हले काय करनं शे?’ आणि मग गप्प झाली ती झालीच. इकडे तिला गप्प करून मी सुट्टीत सायकलवर गावोगाव शब्द गोळा करत फिरत होतो, सत्काराच्या शाली घेत होतो. भांडी घासताना चुकून तिच्या तोंडून एखादा शब्द निघायचा, तो मी वहीत टिपायचो, पण पुढे कंस घालायचोच नाही. बायकोचं नाव कसं लिहायचं, आणि कोणत्या तोंडाने? माझी मला लाज वाटते.

काल वही घेऊन तिच्यासमोर बसलो, जसा बहिरूसमोर बसायचो तसा. विचारलं, तुझ्या माहेरी, ताहाराबादला, मुलीला काय म्हणत? तर तिने मला शुद्ध मराठीत सांगितलं, ‘मुलगीच म्हणत असत की.’ चैताली, माझी चाळीस वर्षांची मास्तरकी त्या एका वाक्यात संपली. मी उठलो नाही. वही उघडीच ठेवली. बऱ्याच वेळाने तिने माझ्याकडे न बघता ‘आंडेर’ म्हटलं, आणि पाठोपाठ इतके शब्द काढले की माझा हात दुखायला लागला. त्यातले कितीतरी मी तीस वर्षांत कुठेही ऐकलेले नाहीत. बहिरू तिच्यापुढे काहीच नाही! माझ्या घरात एवढी मोठी बाई आहे याचा मला काल जेवढा अभिमान वाटला तेवढा कुठल्याही शालीने वाटला नव्हता.

म्हणून हे पत्र. सोबतच्या कागदांवर त्या सदतीस ओळी आणि कालच्या नव्या एकसष्ट आहेत. प्रत्येकीला कंस घातलाय: ताहाराबाद, मालनबाई. रेघा, स्वल्पविराम दोनदा तपासलेत, तुझा साचा अडणार नाही. तिला यातलं काही माहीत नाही. रविवारी मी तिला तुझ्या ऑफिसात घेऊन येतो, तिला खुर्चीवर बसव आणि तिच्याच बोटाने तिचं नाव दाबायला लाव. मी मागे उभा राहीन.

तुझाच,
नाना