डाव्या हाताचा ब्रेक

सेमोनकोंग, गुरुवार

प्रिय त्लालीदादा,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं आणि तेव्हापासून माझं कशातच लक्ष नाही. तीन वर्षांनी तुला पुन्हा डोंगरात सायकल चालवायची आहे आणि ती मीच निवडून द्यायची, हे वाचून मी नाचायला हवं होतं. पण खाली तू लिहिलंयस, “डावा ब्रेक काढूनच टाक, रेलेबो. या हाताचा मला भरवसा नाही.” दादा, आपल्या उतारावर नुसत्या पुढच्या ब्रेकवर उतरणारा माणूस धड घरी येत नाही. तुला हे ठाऊक आहे, तरी मागतोयस.

सायकल पाहून ठेवली आहे. सहा हजार मालोटीत नवी घेशील तर दिसायला झकास आणि आतून कुचकामी मिळेल. पुढेमागे शॉकअब्सॉर्बर असलेल्या स्वस्त सायकलींच्या तर वाटेलाही जाऊ नकोस. ही जुनी आहे, करडी, शॉक फक्त पुढे, टायर रुंद. फ्रेमचे सांधे मी नखाने खरवडून पाहिले, कुठे तडा नाही. गिअर कुरकुरतात, ते माझ्यावर सोड. परवा आई म्हणाली, “त्याला म्हणावं घोडंच घे, ते निदान स्वतः बघून तरी चालतं!”

बारा वर्षं तू पाहुण्यांना घोड्यांवरून धबधब्यापर्यंत नेलंस. लगाम डाव्या मुठीत, काठी उजव्या हातात. दचकलास की डावी मूठ आपोआप आवळायची. मग पाहुणे सायकली मागू लागले, तेव्हा तूही शिकलास, आणि लॉजच्या शेडमध्ये सायकली दुरुस्त करणारी बहीण असताना दुसऱ्या कुणाला कशाला विचारशील? परत निघालेल्या एका परदेशी पाहुण्याकडून मी ती निळी सायकल तुला स्वस्तात मिळवून दिली. उतारावर मेंढी आडवी आली, तू हँडलवरून उडालास, खांद्याचा चुरा झाला. काम गेलं, आणि आता तू मासेरूला मेव्हण्याच्या दुकानात साबण विकतोस. तुझ्याबरोबरचा मोलेफे घोडी बांधता बांधता अजून म्हणतो, “त्लालीने सायकलीचा लगाम खेचला! अरे, चुचकारलं असतंस तर थांबली असती!” तू त्याच्याबरोबर हसायचास. मी खाली बघून चेनला तेल घालत राहायचे.

आपल्याकडे उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो आणि डाव्या हाताला मागचा. त्या निळ्या सायकलीला उलटं होतं. तिच्या मालकाच्या देशात तसंच चालतं. मला ते पहिल्याच दिवशी दिसलं होतं, दादा. तेलाचे ब्रेक, नळ्यांची अदलाबदल करायला अर्धा दिवस गेला असता, आणि शेडमध्ये पाहुण्यांच्या सहा सायकली पडल्या होत्या. म्हटलं, रविवारी करू. तुला सांगायचंही राहिलं. शुक्रवारी तू पडलास. डावी मूठ तू घोड्याच्याच सवयीने आवळलीस आणि पुढचं चाक जागीच अडकलं, पण ब्रेक जागच्या जागी असते तर मागचं चाक थोडं घसरलं असतं आणि तू शिव्या देत उभा राहिला असतास.

याहून वाईट पुढे आहे. तुला दवाखान्यात नेत होते तेव्हा मी शेडला आतून कडी लावून नळ्या बदलत होते. पंधरा दिवसांनी हात गळ्यात अडकवून तू आलास, चांगल्या हाताने दोन्ही ब्रेक दाबून पाहिलेस आणि म्हणालास, “ब्रेक तर ठीक आहेत गं. माझाच हात येडा.” मी मान हलवली. त्या मान हलवण्याची मला अजून लाज वाटते.

तुझ्या हाताची काहीच चूक नव्हती. हे मी कधीच लिहिलं नसतं, तू डावा ब्रेक काढायला सांगितला नसतास तर. माझ्या खोट्यावर विश्वास ठेवून तू पुन्हा त्या उतारावर निघाला आहेस, म्हणून लिहिते आहे. काल मोलेफेला सांगितलं, तो हसला नाही. आईलाही सांगितलं, ती माझ्याशी बोलत नाही. करडी सायकल घे किंवा नको घेऊस, दुसऱ्या कुणाकडून तपासून घे, माझं तोंडही पाहू नकोस. पण ब्रेक दोन्ही ठेव, दादा. माझ्यावर रागावून का होईना, दोन्ही ठेव.

अजून म्हणू देशील तर, तुझीच,
रेलेबोहिले