फूल नव्हे, गवत

अप्पा,

तुमच्याविरुद्ध माझी एक गंभीर तक्रार आहे. लहानपणी तुम्ही मला संस्कृत कोश पाठ करायला लावलात, चुकलो की कान पिळलात. जाई, कण्हेर, पळस, एकेकाची ढीगभर नावं मी आजही झोपेत म्हणेन. पण मागच्या हित्तलात, तुमच्याच परसात, भिंतीलगत जे झाड उभं आहे त्याला कोशात एकही नाव नाही. त्याच्यावर रागवायचं तरी कोणत्या नावाने? साहेबलोक त्याला अझेलिया म्हणतात. तुमची बहीण, आमची आत्या, त्याला 'अजळी' म्हणते आणि लाडात आली की 'अजळम्मा'.

मी पाठशाळेत जात होतो तेव्हाची गोष्ट तुम्हांला आठवेल. कोणा साहेबाच्या बंगल्यावरून मी एक परदेशी फूल देवासाठी आणलं होतं. तुम्ही सोवळ्यात बसला आहात, समोर गंध उगाळलेलं. फुलाला बोटही न लावता विचारता, "याला संस्कृतात नाव काय?" मी मनात कोश चाळतो आहे. "नाव नाही, मग हे फूलच नव्हे. गवत." आणि ते गाईपुढे टाकलंत. गाईनेही तोंड लावलं नाही. तिलाही नाव ठाऊक नसावं. त्या दिवशी मला रडू आलं होतं. आज तेच तुमचं वाक्य मला फार उपयोगी पडलं, म्हणून हे लिहितो आहे.

झाड उटकमंडचं, थंड डोंगरातलं. उन्हाळ्यात दरबारी मंडळींबरोबर तिकडे जावं लागलं, तिथून ओल्या गोणपाटात गुंडाळून आणलं ते माझ्या मुलीसाठी. तुम्ही या नातीला पाहिलं नाही. प्लेगात नवरा गेला आणि सोळाव्या वर्षी ती आमच्याकडे परत आली. दिवसभर खांबाला टेकून बसायची. हातांना काही काम हवं होतं. झाड भलतंच लाडावलेलं निघालं. त्याला दुपारचं ऊन सोसत नाही, विहिरीचं क्षारट पाणी चालत नाही, मुळं केसांसारखी बारीक आणि अगदी वरवर, म्हणून बुंध्याशी खुरपं लावायची सोय नाही. तिने ते पेरूच्या सावलीत उथळ लावलं, वर पालापाचोळा पसरला, कौलांवरून गळणारं पावसाचं पाणी रांजणात धरून तेवढंच घातलं. आणि नवरात्राआधी आत्याने तुमच्या शिस्तीप्रमाणे भिंतीला चुना देववला, उरलेलं चुन्याचं पाणी तुम्ही ओतायचात तसंच झाडाच्या बुंध्याशी ओतलं. डोंगरातल्या आंबट मातीतलं झाड ते, चुना त्याला विषच. पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. पोरीने जेवण टाकलं. मग बाप-लेकीने हातांनी माती काढून बदलली, आणि तेव्हापासून त्या भिंतीला मी चुना लागू दिलेला नाही. दसऱ्याला कानडी शेजारी विचारतात, "काय शास्त्रीगळे, घरात सुतक काय?" मी सांगतो, भिंतीचं व्रत चालू आहे.

यंदा माघात ते फुललं, गुलाबी, पानं दिसेनात इतकं. सकाळी पोरगी एक फूल केसांत खोवून स्वयंपाकघरात आली. हो, तिचे केस आहेत. न्हावी दारात आला तेव्हा मी पुढे होऊन माझंच डोकं त्याच्यापुढे धरलं होतं. आत्या चुलीपाशी तांदूळ निवडत होती.

"अय्यो, हे काय ग? विधवेच्या केसांत फूल?"

पोरीचा हात केसांकडे गेला. मी म्हणालो, "आत्या, ते फूल नव्हे."

"मग काय आहे?"

"गवत. अप्पांनीच सांगितलंय. त्याला नाव नाही."

अप्पा, निषेध फुलाला आहे. जे फूलच नव्हे त्याला निषेध लागतो कसा, हे तुम्ही मला सांगा. तर्क तुम्हीच शिकवलात. आता त्याच्यावर रागावू नका. आत्याने तांदळाचं सूप बाजूला ठेवलं. तिच्या स्वतःच्या बोडक्या डोक्यावर पदर घट्ट ओढलेला. मग पोरीला म्हणाली, "बा इल्ली, इकडे ये. गवत जरा मागे खोव. वाकलीस की चुलीत पडेल." आणि स्वतःच्याच हाताने खोवलं.

तेव्हा तुम्ही तिथे स्वर्गात बसून रागावत असाल तर खुशाल रागवा. मी प्रायश्चित्त घेणार नाही, भिंतीला चुना देणार नाही, आणि न्हाव्याला माझ्याशिवाय दुसरं डोकं या घरात मिळणार नाही. आता बहर ओसरला आहे. फांद्या छाटायच्या त्या लगेच, उशीर केला तर पुढच्या वर्षीच्या कळ्या कापल्या जातात. हे ती आता मलाच बजावते. पुढच्या वर्षाचं ती बोलते, हे मी मुद्दाम तुमच्या कानावर घालतो.

हे पत्र कुठल्याच टपालात पडणार नाही, म्हणून खरं ते लिहून टाकतो. तुमची मला भीती नाही. पण हल्ली चढण चढताना माझ्या छातीत कळ येते, आणि माझ्यामागे हे घर धाकट्या भावाच्या हाती जाईल. परवा तो आला होता. हित्तलात उभा राहून म्हणाला, "दादा, भिंत फार कळकट झाली, चुना द्यायला हवा." तो वाईट नाही, अप्पा. तुमचं सगळं त्याला पाठ आहे. मला त्याचीच भीती वाटते.