पोळपाटावरचं कडं

माय,

काल तुझ्या नातीनं माझ्या गाडीचं नाक बदललं. हसू नकोस, मला दुसरा शब्द सुचत न्हाई. गाडी म्हणजे लहानशी, पांढरी. मागं तीन माणसं बसली की एकमेकांच्या मांडीवर येतात, तसली. तीच घेऊन मी अंगणवाड्या तपासायला फिरते, आज तामलवाडी, उद्या बेंबळी. तिच्या इंजनाला जी हवा लागते ती एका काळ्या प्लास्टिकच्या खोक्यातून गाळून आत जाते. पोरीनं ते खोकंच काढलं आणि तिथं एक चकचकीत पाइप नि त्याच्या टोकाला लाल, उपड्या पेल्यासारखा फिल्टर बसवला. म्हणं इंजन मोकळा श्वास घेतं, आवाज घुमतो, गाडी जरा चपळ होते. मी म्हणाले, चपळ होऊन जायचं कुठं, बेंबळीलाच ना? तू असतीस तर धडधाकट गाडीला हात लावला म्हणून आधी तिला झापलं असतंस, आणि मग पदर खोचून तिच्याआधी बोनेटात डोकं घातलं असतंस.

तुला जाऊन इतकी वर्षं झाली की ही पोर तुला फोटोतच ओळखते. पण हात तुझे घेऊन आलीय. शाळेत असताना मिक्सर खोलला, मग शेजारच्यांची मोटर, मग माझी स्कूटी. डिप्लोमा झाला आणि आता पुण्याकडच्या एका वर्कशॉपनं तिला शर्यतीच्या गाड्यांचं काम शिकायला बोलावलंय. तिनं सांगायला तोंड उघडलं आणि तिचं वाक्य संपायच्या आत मी न्हाई म्हणाले. तुझ्या जावयानं "मायलेकींचं तुम्हीच बघा" म्हणून पेपर तोंडापुढं धरला, तो दोन दिवस खाली ठेवला न्हाई. पोर रडली न्हाई, भांडली न्हाई. एवढंच म्हणाली, "आई, तू चालू इंजनाजवळ उभी राहिलेली मी आजवर बघितली न्हाई. एकदा माझ्या शेजारी उभी राहा, माझं काम बघ. मग न्हाई म्हण, मी परत विषय काढणार न्हाई." कुठून शिकतात गं ही पोरं असलं बोलायला! आणि ती खोटं बोलत नव्हती. मी गाडी चालवते, घाटातनं चालवते, पण गॅरेजवाला बोनेट उघडून "या मॅडम, दाखवतो" म्हणाला की मला लगेच कुणाचा तरी फोन येतो. फोन वाजलेला नसतो, तरी मी कानाला लावून रस्त्यावर जाते.

असं का, ते तुला ठाऊक आहे. मी कुणाला सांगितलं न्हाई, पण तू तर तिथंच होतीस.

खंडेनवमी होती. आपल्या पिठाच्या गिरणीच्या मागच्या खोलीतलं ते डिझेलचं इंजन दादांनी सकाळपासून घासूनपुसून लख्ख केलं होतं. तू म्हणायचीस, तुझ्या बापाचं लगीन माझ्याशी लागलं पण संसार मात्र इंजनाशी चाललाय. दोन्ही बाजूंच्या मोठ्या चाकांना झेंडूच्या माळा, अंगावर हळदीकुंकवाची बोटं. पूजा झाली की नारळ फोडायचा आणि इंजन एकदा चालू करायचं, ही आपल्याकडची रीत. त्या इंजनाला हवा गाळायला एक डबडं होतं, त्याच्या तळाशी तेल असायचं. धूळ, पीठ त्या तेलात बसायचं आणि हवा पुढं जायची. त्या तेलाची एक खूण होती, तिच्यावर भरायचं नसतं. पण सण ना! बैलाला पोळ्याला जास्त चारतात तसं दादांनी प्रेमानं ते डबडं काठोकाठ भरलं. "आज तिचा सण, पिऊ दे पोटभर," म्हणाले. मी तिथंच होते, मला ते ऐकून लई गोड वाटलं होतं.

नारळ फुटतो, दादा हँडल मारतात, इंजन सुरू होतं. पुक, पुक, पुक, नेहमीसारखं. लोक खोबऱ्यासाठी हात पुढं करून उभे. आणि मग ते पुकपुकणं जवळ जवळ यायला लागतं, एकात एक मिसळतं, आणि त्याची किंकाळी होते. दादांनी डिझेलचा कॉक बंद केला. तरी इंजन चढतच होतं, कारण ते आता डिझेलवर चालत नव्हतंच; डबड्यातलं तेल हवेबरोबर ओढून ओढून पीत होतं. माळा तुटल्या. झेंडूची फुलं चाकावरनं सुटून भिंतीवर फुटायला लागली, खोलीभर धूर, जमीन पायाखाली थरथरतीय. कुणीतरी ओरडलं, "चाक फुटतंय, निघा भायेर!" आणि सगळे दारातून एकमेकांना ढकलत पळाले. दादा तेवढे पळाले न्हाईत. ते चाकाच्या अगदी बाजूला, बंद कॉक परत परत पिळत, "बंद केलंय की! बंद केलंय की गं बाई!" म्हणत इंजनाशीच बोलत होते. चाक फुटलं असतं तर पहिला तुकडा त्यांच्यातनं गेला असता. हे मला तेव्हाही कळत होतं, एवढी मोठी मी होते.

तू स्वयंपाकघरात पुरणपोळ्या लाटत होतीस. आवाज बदललेला तुला आमच्या आधी कळला असणार, कारण लोक बाहेर पडत होते तेव्हा तू आत शिरत होतीस. एका हातात पोळपाट, दुसऱ्यात लाटणं. हातातलं खाली ठेवायलाही थांबली नव्हतीस. अर्धी लाटलेली पोळी पोळपाटाला लोंबत होती. दादांच्या पाठीमागनं गेलीस, लाटण्याच्या दोन दणक्यांत ते तेलाचं डबडं उडवलंस, आणि इंजनाच्या उघड्या तोंडावर पोळपाट पालथा दाबलास, पोळीसकट. तो तोंडाला असा चिकटला की तुझ्या हातातनं ओढला गेल्यासारखं झालं. इंजनानं मोठा आवंढा गिळला, एक झटका दिला, अजून एक दिला, आणि गप झालं. माय, ती शांतता मी जन्मात विसरणार न्हाई. कणग्यात उंदीर पळाला तरी ऐकू आला असता. तुझ्या कपाळावर काळं तेल, केसांत झेंडूची पाकळी, आणि पोळपाट अजून दोन्ही हातांनी दाबलेला, जणू सोडला तर ते परत उठेल.

मग तू वळलीस, दारात मला बघितलंस, आणि फाडकन माझ्या थोबाडीत दिलीस. "तुला कुणी बलावलं हितं? आं? कुणी बलावलं?"

दादा दुपारी जेवताना पोळीचा तुकडा हातात धरून बसले होते. म्हणाले, "तुला कुणी सांगितलं असं करायचं?" तू म्हणालीस, "कुणी सांगाया कशाला पायजे? जाळाला वारा लागतोय. म्या वारा बंद केला." आणि त्यांच्या ताटात तूप वाढलंस. मग तेच म्हणाले, "पोळीला तेलाचा वास येतोय," आणि तू इतकी हसलीस की डोळ्यांना पदर लावलास. पोळपाट राखेनं घासलास, चिंचेनं घासलास, पण इंजनाच्या तोंडाचं काळं गोल कडं त्याच्यावर राहिलं ते राहिलंच. त्याच्यावर तू पुढं किती पोळ्या लाटल्यास. तू गेल्यावर वहिनीकडं मी तेवढी एकच वस्तू मागितली.

मला तुझा अभिमान वाटत होता की तुझी भीती, ते मला कधी नीट सांगता आलं न्हाई. गावात लोक तुला "इंजन मारणारी" म्हणायचे आणि तू शिव्या घालायचीस. एक गोष्ट मात्र मला तुला विचारायची होती, आणि दर वेळी विचारायला बसले की तू काहीतरी निवडायला पुढ्यात टाकायचीस: तुला भीती वाटली नव्हती का? वाटलीच नसेल तर तू वेगळ्या मातीची आणि मी वेगळ्या. मग मी चालू इंजनापासून जन्मभर लांब राहिले, त्यात माझाही इलाज नव्हता.

काल पुन्हा खंडेनवमी होती. पोरीनं अंगणात सतरंजी टाकली, बॅटरीची तार सोडवली आणि एकेक क्लिप सैल करत ते काळं खोकं बाहेर काढलं. आतला जुना फिल्टर सतरंजीवर आपटला तर काय काय निघालं म्हणून सांगू! काळ्या रानाची धूळ, ज्वारीची फोलं, लिंबाचा वाळका पाला, एका फुलपाखराचा अख्खा पंख. मी हिंडलेला सगळा मुलूख त्या गाडीनं गिळून ठेवला होता आणि मला पत्ता न्हाई. इंजनाचं तोंड उघडं झालं तसं तिनं लगेच स्वच्छ फडकं त्याच्यावर बांधलं, काही आत पडू नये म्हणून. या वेळी मी फोन काढला न्हाई.

नवा फिल्टर खरं तर जुनाच, मैत्रिणीकडनं घेतलेला. तिनं तो धुऊन वाळवला होता. आता कापडाला तेल लावायचं होतं. ती बाटलीतनं थेंब थेंब टाकत होती, घडीघडीतनं, चिमटीनं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं सण आहे, घाल की सढळ हातानं."

बोलले आणि मी तोंडावर हात दाबला. तोंड माझं होतं आणि आवाज दादांचा. पोर वर न बघता म्हणाली, "जास्त घातलं की तेल आत ओढलं जातं, आई. सेन्सर जातो." मग तिनं वर बघितलं आणि बाटली बाजूला ठेवली. "काय झालं गं?"

तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. तिथंच, सतरंजीवर बसून. तिनं मधे एकच प्रश्न विचारला, "आजी कुठल्या बाजूनं आत गेली?" मी हातानं दाखवलं.  मग ती म्हणाली, ही पेट्रोलची गाडी आहे, हिला तसलं होत न्हाई, आणि का होत न्हाई तेही नीट समजावून सांगितलं. पाइप बसवला, क्लिपा आवळल्या, काही घासत न्हाई ना म्हणून बोटं फिरवून बघितलं, तार जोडली. तोंडावरचं फडकं काढलं होतं का, हे मी चारदा विचारलं. चारही वेळा तिनं ते खिशातनं काढून दाखवलं. शेवटी म्हणाली, "तू आत बसून किल्ली फिरव, मी इथं थांबते." मी म्हणाले, "तू फिरव. इथं मी थांबते."

तिनं किल्ली फिरवली. एक खोल घुमल्यासारखा आवाज आला, पोत्यातनं धान्य सांडावं तसा, आणि मग तो एका लयीत बसला. मी उजवा तळवा त्या लाल फिल्टरजवळ नेला. काय सांगू माय! गार वारा माझ्या बोटांमधनं आत जात होता. आपल्या अंगणातला, तुळशीजवळचा, कढईतल्या पुरणाचा वास असलेला वारा, आणि ते लोखंड तो ओढून घेत होतं, तान्ह्या लेकरासारखं. एवढंच होतं हे? याला मी इतकी वर्षं भ्याले? मला रडू आलं आणि हसूही आलं, आणि मी "अगं बया, अगं बया" एवढंच म्हणत राहिले. पोर बाजूच्या काचेतनं वाकून माझ्याकडं बघत होती. मग ती गाडी चालूच ठेवून उतरली आणि कान देऊन ऐकायला पाइपावर वाकली. तिची वेणी इंजनाच्या गरगर फिरणाऱ्या पट्ट्याच्या बाजूला सरकली. मी ती वेणी धरून तिला असं मागं ओढलं, आणि माझा हात वर गेला, थोबाडीत द्यायला. हात लटलट कापत होता.

तेव्हा आठवलं. तू मला मारलंस तेव्हा तुझा हातही असाच कापत होता, मारून झाल्यावरही. मला वाटायचं, इंजनाचा थरथराट अजून त्यात उरलाय. मारलं न्हाई मी तिला. वेणीचा अंबाडा घातला आणि म्हणाले, "पुण्याला जायचं तर आधी केस बांधायला शिक." तिला कळायला जरा वेळ लागला. मग ती माझ्या गळ्यातच पडली, तेलकट हातांनी.

हे पत्र कुठं जायचं न्हाई, म्हणून एवढं एक लिहून टाकते. काल बोनेट उघडायच्या आधीच मी तुझा पोळपाट माळ्यावरनं काढून अंगणात आणला होता. पोरीनं विचारलं तर म्हणाले, पाने-पक्कड ठेवायला. पेट्रोलच्या गाडीला तसलं काही होत न्हाई, हे तिनं सांगितलं आणि मला पटलंही होतं. पण तिनं किल्ली फिरवली तेव्हा पाने-पक्कड सतरंजीवर होती, आणि माझ्या डाव्या हातात, पाठीमागं, तुझा पोळपाट होता.