जिन्यावरून पडलेली गाडी

विरार, डिसेंबरचा पहिला आठवडा

प्रिय केनी,

तुझी गाडी परवा पुन्हा चालली. पत्राची सुरुवात खुशाली विचारून करायची असते, पण तुझी खुशाली विचारण्याचा अधिकार मला उरला आहे की नाही याची खात्री नाही, म्हणून आधी ही बातमी. चारही चाकं फिरतात, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना सारखं वळतं, आणि आमच्या इमारतीमागे बांधकामासाठी आणून टाकलेल्या काळ्या दगडांच्या ढिगावर ती टोकापर्यंत चढली. आमचा वॉचमन चंद्रहास खुर्ची सोडून बघायला आला. ‘काय काका, रिटायर झाले काय?’ असं त्याने विचारलं, तेव्हा मी रिमोट पाठीमागे लपवला. का लपवला, हे माझं मलाही नीट सांगता येणार नाही.

ती गाडी आमच्याकडे राहिली तो दिवस तुला माझ्याइतकाच आठवत असेल. गणपतीच्या आधीचा रविवार. ज्ञानदाने आदल्या दिवशीच मला बजावलं होतं, ‘बाबा, केनी येतोय. नीट बोल.’ आणि नीट बोलायचं मी ठरवलंही होतं. तू भुईगावहून तुमच्या वाडीतली केळी आणि सोनचाफ्याची फुलं घेऊन आलास. विनयाने ती फुलं तुझ्यासमोरच देवापुढे ठेवली. मला ते आवडलं की खटकलं, हे मी त्या वेळी तपासून पाहिलं नाही. चहा होत होता, तेव्हा ज्ञानदा म्हणाली, ‘गाडी दाखव ना बाबांना.’ पिशवीतून तू ती काढलीस. बुटांच्या खोक्याएवढी, मोठाल्या मऊ चाकांची, दगडांवर चढणारी रिमोटची गाडी. मी म्हणालो, ‘एवढा घोडा झालास, अजून खेळणी?’ तू हसून म्हणालास, ‘खेळणंच आहे अंकल, पण जिना चढते.’

आपण सगळे जिन्यात आलो. इतक्या सावकाश चालणारं यंत्र मी पाहिलं नव्हतं. एक चाक पायरीच्या कडेला चाचपडत राहायचं, पकड मिळाली की बाकीची तीन त्याच्या मागून यायची. तू ओठ घट्ट मिटून रिमोट धरला होतास आणि तुझं सगळं लक्ष त्या एका चाकात होतं. नेमक्या त्याच वेळी मी विचारलं, ‘लग्न कोर्टात करा नाही तर चर्चमध्ये, पण मुलं कुणाची होणार ते आत्ता सांग.’ मोठ्या माणसाला उत्तर द्यायचं तर त्याच्याकडे बघून द्यावं, म्हणून तू मान वर केलीस. गाडी कठड्याखालून सटकली आणि दोन मजले खाली गेली. तू तुकडे गोळा करून वर आलास तेव्हा मी दारात उभा होतो. ज्याला साध्या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही, त्याने या घरात पुन्हा येऊ नये, असं मी म्हणालो. ज्ञानदाने तुझ्या हातातले तुकडे घेऊन बिस्किटांच्या रिकाम्या खोक्यात ठेवले. तू चपला घातल्यास, विनयाला ‘येतो आंटी’ म्हणालास आणि गेलास. त्या रात्री रोजनिशीत मी एवढंच लिहिलं की मुलगा चांगला आहे, पण. पुढचं वाक्य सुचलं नाही, आणि पूर्णविराम तसाच राहिला.

ते खोकं मी दसऱ्यानंतर उघडलं. दुरुस्ती करायला उघडलं, असं तुला सांगितलं तर ते खरं होणार नाही. तुला माहीत आहे, वसईच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका पंपांच्या कारखान्यात मी गुणवत्ता तपासतो. दुसऱ्याच्या कामातली खोट काढण्याचा मला पगार मिळतो. तू कामणच्या गोडाऊनमध्ये फोर्कलिफ्टची देखभाल करतोस, हे ऐकल्यावर मी मनातल्या मनात एक खूण करून ठेवली होती. आता तुझ्या हातचं काम समोर होतं. वाटलं, यात कुठे ना कुठे ढिलाई सापडेलच, आणि मग मी त्या रविवारी बोललो ते बरोबर होतं असं निदान स्वतःला तरी सांगता येईल. माणूस असा विचार करतो तेव्हा त्याला तो विचार आहे हे कळत नसतं. मला ते बरंच नंतर कळलं.

पुढच्या आसाचं कवच फुटलं होतं, स्टिअरिंग वळवणाऱ्या मोटरचे दाते गेले होते, दोन शॉक ॲब्सॉर्बर वाकले होते, बॉडीला चीर होती. पण हे सगळं पडण्याने झालेलं. तू केलेलं जे काही होतं, ते मला नावं ठेवू देईना. कंपनीच्या प्लास्टिकच्या दांड्या काढून तू ॲल्युमिनियमच्या बसवल्या होत्यास, आणि प्रत्येक दांडीचं टोक कानशीने घासून गोल केलेलं होतं, जिथे कुणाचा हातही लागणार नाही तिथेसुद्धा. शेवटी एक चूक सापडली. पुढच्या चाकांच्या आत तू पितळेच्या जाड कड्या बसवून गाडी मुद्दाम जड केली होतीस. चढणारी गाडी हलकी हवी, हे शाळेतल्या पोरालाही कळेल, असं म्हणून मी त्या काढून टाकल्या. नवे भाग मागवले, वाकलेली एक दांडी जेवणाच्या टेबलावर स्वतः आटे पाडून नवी केली. विनया भाजी चिरता चिरता म्हणाली, ‘जावयाला नको म्हणालात, आणि जावयाची गाडी मांडीवर घेऊन बसलात.’ मी म्हणालो, जावई कोण? ती म्हणाली, ‘तेच विचारतेय.’

पहिल्याच चढावर गाडी पाठीवर उलटली. दुसऱ्यांदा चढवली, तिसऱ्यांदा चढवली, पुढची चाकं हवेत उचलली जायची आणि ती चारी चाकं वर करून पडायची. घरी येऊन मी ती टेबलावर ठेवली. ज्ञानदा ऑफिसमधून आली होती. त्या रविवारपासून ती माझ्याशी जेवायला वाढू का, दूध आणू का, यापलीकडे बोलत नव्हती. पाणी पिता पिता तिने गाडीकडे एक नजर टाकली आणि म्हणाली, ‘पितळ काढलंस ना पुढचं? पडणारच मग. चढताना वजन पुढे लागतं, बाबा.’ आणि आत गेली. मी कड्या पुन्हा बसवल्या. दुसऱ्या दिवशी टेबलावर षटकोनी खाचेच्या स्क्रूची एक ॲलन की ठेवलेली होती, मी चार दुकानांत शोधत होतो तीच, नेमक्या मापाची. हिला हे माप कसं माहीत, असा प्रश्न मला पडला, आणि मी तो विचारला नाही. विचारायला हवा होता. आम्ही दोघं एकाच हट्टाच्या मातीचे आहोत.

इतक्यांदा उलटल्यामुळे असेल, गाडी मधूनच बंद पडायला लागली. म्हणून वायरी तपासायला घेतल्या. बॅटरीच्या तारेवर काळी नळी चढवलेली होती आणि ती नळी एका छोट्या पट्टीने गाडीच्या सांगाड्याला बांधलेली होती. आत काय आहे बघावं म्हणून ब्लेडने नळी चिरली, आणि केनी, आत खरोखरच एक वाईट सांधा निघाला. गोळा झालेलं, राखाडी पडलेलं कच्चं सोल्डरिंग. कारखान्यात असा तुकडा मी दुसऱ्यांदा बघतही नाही, सरळ बाजूला टाकतो. मला आनंद झाला. लिहायला लाज वाटते, पण झाला. मग सांध्याच्या अलीकडे, तार जिथे सांगाड्याच्या भोकातून आत येते तिथे, माझं लक्ष गेलं. तिथे एक गाठ होती.

ती गाठ मी ओळखतो. दिव्याच्या होल्डरमध्ये मारतात ती, दोन तारा एकमेकींत अडकवून घातलेली, म्हणजे वायर ओढली गेली तरी ओढ सांध्यावर न येता गाठीवर येते. ज्ञानदा चौथीत असताना आम्ही घरी आकाशकंदील केला होता, तेव्हा मी ती तिला शिकवली होती. ती प्रत्येक वेळी दुसरी तार उलट्या बाजूने घालायची, कितीही सांगितलं तरी. ही गाठ तशीच होती, उलट्या बाजूची.

मी गाडी तशीच उचलून तिच्या खोलीत नेली आणि गाठीवर बोट ठेवलं. तिने पाहिलं. म्हणाली, ‘कंदिलाची गाठ.’ मग बरंच काही सांगितलं, इतक्या महिन्यांचं साठलेलं. ही गाडी तुम्ही दोघांनी मिळून केली आहे, तुमच्या वाडीत, फुलांच्या टोपल्या ठेवतात त्या पडवीत बसून. गाडी उलटली की तुझे डॅडी सिप्रियन ‘आता हात लाव, लाव!’ म्हणून ओरडतात आणि तुम्ही हात लावत नाही, रिमोटनेच सरळ करता. तुझी आई बर्था तिला जेवल्याशिवाय सोडत नाही. यातलं मला काहीच माहीत नव्हतं, आणि माहीत नव्हतं ते मी विचारलं नव्हतं म्हणून. शेवटी मी सांध्याबद्दल विचारलं. ती म्हणाली, ‘माझाच आहे तो, घाणेरडा. मी केनीला म्हटलं, काढून नीट कर. तर तो म्हणाला, पकडलंय ना, मग कशाला काढायचं? मी नुसता आधार देतो. ती नळी आणि पट्टी त्याची.’

गाडी बंद पडत होती ती स्विचमुळे. तो बदलला. दोन मजले खाली पडून जवळजवळ सगळं तुटलं, पण तो सांधा टिकला होता, आणि मी त्यात दोष शोधत होतो.

आता मी पूर्ण बदललो, असं लिहिलं तर तू विश्वास ठेवू नकोस. माझा प्रश्न खोटा नव्हता. मला भीती वाटते. देवगडला आमच्या मूळ घरी गणपतीत आरतीला माझ्यानंतर कोण उभं राहील, माझ्या नातवंडांना मी कोण वाटेन, आजोबा की सणावारी येणारा पाहुणा, ही भीती अजून आहे. तुझ्या डॅडींनाही त्यांच्या बाजूने अशीच काही भीती वाटत असेल. पण त्या भीतीचं उत्तर मी पायरीवर तोल सांभाळणाऱ्या मुलाकडून एका शब्दात मागितलं. आणि तुझं उत्तर, तू न देताही, मला त्या काळ्या नळीच्या आत सापडलं असं मला वाटतं. चूक असेन तर सांग.

हे पत्र लिहिण्याचं कारण आता सांगतो. ज्ञानदाने मला यातलं काही सांगायला सांगितलेलं नाही, तिला हे पत्र माहीतही नाही. घरात येऊ नकोस असं मी तुला म्हणालो होतो, तेव्हा तुला इथे बोलावणं हा त्यावरचा उपाय नव्हे. मीच यायला हवं. येत्या रविवारी, तुमची चर्चमधली मिस्सा आटोपल्यावर, मी आणि विनया भुईगावला येऊ का, हे घरी विचारून मला कळव. मुलीचे आईवडील म्हणून येऊ, सिप्रियन आणि बर्था यांना भेटायला. गाडी सोबत आणीन. नळी नवी घातली आहे, पट्टीही तुझ्यासारखीच बांधली आहे. सांधा तोच आहे, मी त्याला हात लावलेला नाही. तुमच्या वाडीच्या दगडी बांधावर तू ती चढव. ती चढत असताना मी काही विचारणार नाही.

तुझाच,
ज्ञानदाचा बाबा