डुलणारी दुर्बीण

प्रिय वन्सं,

सप्रेम नमस्कार. मी तुमची वहिनी. (आठवतेय ना? तुमच्या एकुलत्या एका भावाने लग्न करून घरी आणली होती, तीच.) मागच्या खेपेला फोन केला तर तुमची ‘कोण बोलतंय?’ पासून सुरुवात, आणि ओळख पटेपर्यंत माझा चहा निवला. म्हणून आता पत्र. गुडघे कसे आहेत? चष्मा सापडला का? आधी डोक्यावर हात फिरवून बघा, मग पुढचं वाचा. लिहून घेतेय नेहमीप्रमाणे नातच. मला अक्षर येत नाही आणि तिचं अक्षर कुणाला लागत नाही, असं आमचं बरं जमतं. (आजी, हेही लिहू? हो, लिही.)

याच पोरीने दुसऱ्या आकाशगंगेत ताऱ्यांचं एक जोडपं शोधलंय, हे मागे कळवलं होतं. विसरला असाल, परत सांगते. बायको अगडबंब, धगधगती. नवरा कधीच मेलेला, तिच्यापुढे चिमूटभर, पण बायकोच्या अंगावरचं ओरपणं अजून चालूच. (तुमचे भाऊ भिंतीवरच्या फोटोतूनही माझ्या ताटाकडे बघतात, ते आठवलं.) खाताना तो असा तापतो की त्याच्यातून क्ष-किरण निघतात, तेच हो, ज्यांनी तुमचं मोडलेलं मनगट दिसलं होतं. फिरता फिरता बायको पुढ्यात आली की तो झाकला जातो, उजेड बंद. ती सरली की पुन्हा सुरू. हे ग्रहण किती टिकतं त्यावरून दोघांची वजनं काढायची, हा आपल्या पोरीचा धंदा.

तर उजेडाची ठरल्या वेळी उघडझाप दिसली म्हणून पोर नाचत घरी आली, आणि माझ्या पोटात काही राहीना. दूधवाला, शिंपीणबाई, दवाखान्यातली अख्खी रांग, झालंच तर तुम्ही. तिच्या साहेबांना आम्ही कात्री म्हणतो (कुणाचं तरी लिखाण कापल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही). त्यांनी कागद बघितला आणि म्हणाले, “अहो, तारा मिटत नाहीये, दुर्बीण डुलतेय.” वर अंतराळात फिरणारी ती दुर्बीण मुद्दाम हळूहळू डुलवतात म्हणे, एकाच जागेवर ताण पडू नये म्हणून. तिच्या पोटात किरण टिपणाऱ्या पाट्या शेजारी शेजारी बसवलेल्या, मधे फट. डुलताना तारा बरोबर त्या फटीत जायचा, तोही अगदी वेळेवर. म्हणजे पोरीने दुर्बिणीच्या डुलकीचं गणित मांडलं होतं! मी टीव्हीपुढे डुलले की हीच मला हलवते, “आजी, अर्धी मालिका गेली!” म्हटलं, आता कुणाची गेली गं? हसली नाही. तोंड एवढंसं झालं होतं.

गंमत सोडा. तिची इथली नोकरी या महिन्यात संपतेय. जोडपं खरं ठरलं तर कात्री तिला ठेवून घेणार, नाही तर ती कुठे तरी लांब जाणार. मला काय, मी राहीन. पत्रं लिहायला शेजारीण आहेच. (आजी, तिच्याशी तू बोलत नाहीस.) तुला विचारलं कुणी? पोर मात्र हटून बसली. डुलकी वजा करून बघितलं, तरी एक लांबलचक अंधार उरलाच, फटीत मावणार नाही एवढा. दुसरी एक दुर्बीण आहे, ती डुलत नाही. तिलाही तो दिसला होता का, हे कात्री आज स्वतः तपासताहेत. पोरीचा एक डोळा कागदावर, एक फोनवर. अक्षर आणखी बिघडलं असेल तर चालवून घ्या.

तुमची,
वहिनी

ता.क. मुख्य काम राहिलंच. जोडप्याबद्दल मी कळवलेलं सगळं विसरा, आणि कुणाकुणाला सांगितलंत तेही विसरा. एवढ्या विश्वासाने हे काम दुसऱ्या कुणाला सांगता आलं नसतं.

आणखी ता.क. पाकीट चिकटवणार तोच फोन वाजला. अंधार तिथेही आहे, पोरीने सांगितल्या वेळी! कात्रींनी एक ओळ कापली नाही. नोकरी राहिली, पोर राहिली. मी अगदी शांतपणे ऐकून घेतलं. (रडली. मी बघितलं. — नात.) तेव्हा वरचं रद्द, वन्सं, सगळं परत आठवा. आणि कात्रींचं तोंड गोड करायचंय, तर खजूर पाठवा, बिया काढून. मागच्या खेपेला तुम्ही काढलेल्या बियाच डब्यात भरून पाठवल्या होत्यात. या खेपेला त्या तुमच्याकडे ठेवा, खजूर इकडे पाठवा.